पाटी विद्यापीठाची, पगार ठेकेदाराचा

परदेशात शिकवायला जायचं म्हणणाऱ्या आपल्या पोरापोरींना सध्या दोन सल्ले मिळतायत. माझ्या मते दोन्ही धोक्याचे आहेत.

पहिला सल्ला आपल्या निवृत्त प्राध्यापक मंडळींचा. "जायचंच असेल तर विद्यापीठात जा. तिकडच्या क्लासवाल्याकडं शिकवून काय करिअर होणार?"

दुसरा कन्सल्टन्सीवाल्यांचा. "विद्यापीठाचं राहू दे, वाट बघण्यात वर्ष जाईल. लँग्वेज स्कूलला महिन्याभरात काम होतंय. १२० तासांचा सर्टिफिकेट कोर्स करा, तो आमच्याकडंच आहे."

एकाला प्रतिष्ठा दिसते, दुसऱ्याला फी दिसते. पण दोघंही फक्त पाटी वाचतायत. नेमणूकपत्रावर सही कुणाची, व्हिसावर मालक म्हणून नाव कुणाचं, सुट्टीचा पगार कोण देणार, हे कुणी विचारत नाही. आणि फसणारा फसतो तो तिथंच.

म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा. घरात, गल्लीत, कॉलेजात कुणी या वाटेवर असेल तर त्याला पाठवा.

आधी ही पोरं कोण आहेत ते बघू. एम.ए. इंग्लिश, सेट किंवा नेट पास, काहींची पीएच.डी. पण झालेली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणारी. वय तिशीच्या पुढं-मागं. घरात विचारणा सुरू असते, "अजून परमनंट नाही?" लग्नाच्या बैठकीत 'प्राध्यापक' शब्द ऐकून समोरचे खूश होतात आणि 'सीएचबी' ऐकून चहा पिऊन निघून जातात.

यांचा हिशोब करा. पदवीच्या वर्गाला तासाला ९०० रुपये. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास. म्हणजे चार आठवड्यांचे, एकही सुट्टी न येता, ३२ हजार ४०० रुपये. आता यातून दिवाळी वजा करा, परीक्षा वजा करा, निवडणुकीची सुट्टी वजा करा, उन्हाळा तर पूर्णच वजा करा. उरलेलं मानधनही महिन्याच्या महिन्याला येत नाही. बिलं सहसंचालक कार्यालयात जातात, त्रुटी निघतात, परत येतात. पेट्रोल मात्र रोजच्या रोज रोखीनं घालायला लागतं.

त्याच स्टाफरूममध्ये, तोच विषय शिकवणाऱ्या, नव्यानं लागलेल्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७ हजार ७००. वर महागाई भत्ता, घरभाडं, सुट्ट्यांचा पगार.

यूजीसीनं २०१९ साली अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार असा दर सांगितला. आपल्याकडं तो अजून पोचलेला नाही. पुणे-बंगळूर हायवेवर कुठंतरी अडकला असेल.

तर अशा पोराला कुणी सांगितलं की बाहेर जाऊन शिकव, तर तो जाणारच. त्याला "देश सोडून चाललास?" म्हणून टोमणे मारायचा अधिकार आपल्याला नाही. देशानं त्याला तासावर ठेवलंय.

आता मुद्द्याचं. बाहेर गेल्यावर दोन दारं असतात.

लँग्वेज स्कूल म्हणजे सरळ भाषेत क्लासेस. राजारामपुरीत जसे क्लासेस आहेत तसेच, फक्त विषय एकच, इंग्रजी. विद्यार्थी म्हणजे शाळा सुटल्यावर येणारी मुलं आणि ऑफिस सुटल्यावर येणारी माणसं. त्यामुळं काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. सकाळी दोन तास, मग चार तास मोकळे, मग रात्री नऊपर्यंत, असा तुटक दिवस. तास जास्त, सुट्ट्या कमी, पुस्तक कंपनीचं, शिकवायची पद्धतही कंपनीची. चांगली बाजू अशी की नोकरी लवकर मिळते, पीएच.डी. लागत नाही, आणि शहर स्वस्त असेल तर हातात पैसा उरतो. लहान मुलांचा वर्ग हाताळायला माणूस शिकतो, तेही खोटं नाही.

विद्यापीठात तास कमी, सुट्ट्या जास्त, ग्रंथालय मिळतं, नावापुढं पद लागतं. निवडीला मात्र वेळ लागतो, पदव्यांचं साक्षांकन कडक असतं, आणि करार बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन वर्षांचा. आपल्याकडच्यासारखी 'लागला की लागला' अशी परमनंट नोकरी तिथंही नाही. हे आपल्या निवृत्त सरांना सांगायला पाहिजे. त्यांच्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे सागरमाळावरची ती शांत इमारत, मोर, आणि साठीपर्यंत पगार. बाहेरचं चित्र तसं नाही.

इथवर सगळं ठीक आहे. ज्याला जे परवडतं ते त्यानं निवडावं. पण खरी गोम पुढं आहे.

सौदी अरेबियातल्या विद्यापीठांत पहिलं वर्ष 'तयारीचं वर्ष' असतं. त्यात इंग्रजीचे तास भरपूर. हे तास शिकवायचं काम अनेक ठिकाणी विद्यापीठ स्वतः करत नाही, ठेकेदार कंपनीला देतं. शिक्षक विद्यापीठाच्या आवारात शिकवतो, गळ्यात विद्यापीठाच्या नावाचं ओळखपत्र असतं, फेसबुकला फोटो विद्यापीठाच्या गेटवरचा असतो. पण करार ठेकेदाराशी, इकाम्यावर नाव ठेकेदाराचं, पगार ठेकेदाराचा. विद्यापीठानं ठेका दुसऱ्याला दिला की शिक्षक रस्त्यावर. विद्यापीठाकडं गेला तर उत्तर एकच, "तुम्ही आमचे कर्मचारी नाही."

ओळखीचं वाटतंय का? वाटायलाच पाहिजे. आपल्याकडच्या सीएचबीवाल्याला हेच उत्तर मिळतं. शिकवतो कॉलेजात, पेपर तपासतो विद्यापीठाचे, नॅकची समिती आली की फाईली लावतो रात्री अकरापर्यंत, आणि हक्क मागितला की, "तुम्ही तासिकेवर आहात."

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ठेकेदाराच्या विद्यापीठापेक्षा परवाना असलेली, स्वतःच्या नावावर व्हिसा काढणारी, सरळ करार करणारी लँग्वेज स्कूल बरी. आणि थेट विद्यापीठाचं नेमणूकपत्र हातात असेल, तर पगार थोडा कमी असला तरी ते लँग्वेज स्कूलपेक्षा बरं. क्रम असा लावा. पाटीवर जाऊ नका.

थेट विद्यापीठाला मी वर का ठेवतो? प्रतिष्ठेसाठी ठेवत नाही. प्रतिष्ठेनं रेशन येत नाही. कारण परतीच्या वाटेचं आहे.

आपली बहुतेक पोरं कायमची जात नाहीत. दोन-चार वर्षांत कर्ज फिटलं, घराचा स्लॅब पडला, की परत यायचं असतं. आई-बाप इथं, शेत इथं. परत आल्यावर पुन्हा जाहिराती, पुन्हा मुलाखती. तेव्हा बाहेर केलेलं काम मोजलं जातं का? यूजीसीची २०१८ ची नियमावली काढून बघा. विद्यापीठात किंवा कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून केलेली नियमित सेवा, मग ती देशातली असो की परदेशातली, भरती आणि बढतीला धरता येते. अटी आहेत: आवश्यक पात्रता तेव्हाच असली पाहिजे, पद आणि वेतनश्रेणी समकक्ष पाहिजे, निवड रीतसर झालेली पाहिजे. या यादीत खासगी लँग्वेज स्कूल कुठंही नाही. तिथं दहा वर्षं उत्तम शिकवा, इथल्या कागदावर तुम्ही दहा वर्षं घरी बसलेले.

ठेकेदाराकडून विद्यापीठात शिकवलेलं? नेमणूकपत्रच विद्यापीठाचं नाही, तर कशाच्या जोरावर मागणार?

त्याच नियमावलीत आणखी एक गंमत आहे. तात्पुरत्या किंवा कंत्राटी स्वरूपाची सेवा मोजायची असेल, तर त्या काळातलं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी असता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे बघा, सीएचबीवाल्याला कमी पैसे सरकारच देणार. आणि मग पैसे कमी होते म्हणून ती सेवा बढतीला धरता येत नाही, हेही नियमच सांगणार. मार खाणाराही तोच आणि दंड भरणाराही तोच. असं असताना "परदेशातल्या खासगी क्लासवाल्याकडं शोषण होतं" म्हणून कुणी कोल्हापुरात व्याख्यान देत असेल, तर त्यानं आधी आपल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाऊन तेच बोलून दाखवावं.

आता लँग्वेज स्कूलची जाहिरात करणाऱ्यांकडं वळतो. त्यांना वाटेल आज मी त्यांच्या बाजूनं बोललो. नाही भावा, तुमचा नंबर आत्ता येतोय.

जपानमधली नोवा ही तिथली सगळ्यात मोठी इंग्रजी संभाषण वर्गांची साखळी होती. देशभर शेकडो शाखा. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ती बुडाली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले, कंपनीच्या नावावर भाड्यानं घेतलेल्या खोल्या सोडायची पाळी आली. जेवण द्या, शिकवणी घेतो, अशी योजना तिथल्या शिक्षक संघटनेला काढावी लागली. हे कुठल्या गरीब देशात घडलं नाही, जपानमध्ये घडलं.

चीनमध्ये जुलै २०२१ मध्ये सरकारनं शाळेच्या विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर एका फटक्यात बंदी आणली. इंग्रजीपण त्यात आली. पुढच्याच महिन्यात वॉल स्ट्रीट इंग्लिशसारख्या प्रौढांना शिकवणाऱ्या जुन्या साखळीनंसुद्धा चीनमधला कारभार गुंडाळला. व्हिएतनाममध्ये अपॅक्स नावाची मोठी साखळी होती. २०२२ च्या शेवटाला तिथं शिक्षकांचे पगार आणि पालकांची फी अडकली. २०२४ च्या मार्चमध्ये तिच्या प्रमुखाला अटक झाली.

तिन्ही ठिकाणी धंद्याची रीत एकच. पालकाकडून वर्षाची, दोन वर्षांची फी आगाऊ घ्यायची, त्या पैशातून नवीन शाखा काढायच्या, आणि पगार पुढच्या फीतून भागवायचा. नवीन प्रवेश थांबले की सगळ्यात आधी पगार थांबतो. आपल्याकडं पतसंस्था बुडताना आपण हे बघितलंय. ठेवीदाराला जे कळतं ते शिक्षकाला कळायला काय हरकत आहे? जी शाळा दर महिन्याला नवीन शाखेचं उद्घाटन करते तिच्याविषयी जरा जास्त चौकशी करा.

आणि ही गोष्ट कुठलीही कन्सल्टन्सी सेमिनारमध्ये सांगत नाही: तुमचा पासपोर्ट. दक्षिण कोरियात लँग्वेज स्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचा जो व्हिसा आहे, तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारानं एक छोटी खिडकी उघडली, ती तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून, तेही अध्यापनाची पात्रता असेल तर. खासगी क्लाससाठी नाही. चीनमध्येही साधारण नियम असा की परदेशी शिक्षकानं आपली मातृभाषा शिकवायची. म्हणजे तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो, सेटला पहिले या, शेक्सपिअर तोंडपाठ असो, तिथल्या कागदावर तुम्ही 'नेटिव्ह' नाही.

हा सरळ सरळ भेदभाव आहे. गोऱ्या चेहऱ्याला भाषेचा मालक समजायची ही रीत आहे. त्याच्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण विमानात बसण्याआधी तो माहीतही असला पाहिजे. कारण इथले एजंट काय सांगतात? "आधी टुरिस्ट नाहीतर बिझनेस व्हिसावर जा, तिथं गेल्यावर वर्क परमिट करून घेऊ." वर्क परमिट मिळूच शकत नाही हे त्यांना ठाऊक असतं. तुम्ही तिथं बेकायदा शिकवायला लागता. मग पगार निम्मा दिला तरी तक्रार कुणाकडं करणार? पोलिसाकडं गेलात तर पहिले आत तुम्हीच.

याच्याही पुढचा गाळ आहे. २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. थायलंडमध्ये नोकरी म्हणून शिकल्यासवरलेल्या तरुणांना न्यायचं आणि सीमा ओलांडून म्यानमारमध्ये सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबायचं, असे प्रकार उघड झाले होते. त्या जाहिराती शिक्षकांसाठी नव्हत्या. पण 'लगेच जॉइनिंग, मुलाखत फोनवर, तिकीट आमचं' ही भाषा तीच. ती जाहिरात कुठंही दिसली की थांबा.

इथं सरकारची एक मजा बघा. दहावी न झालेला गवंडी आखातात निघाला की त्याच्या पासपोर्टवर शिक्का असतो, त्याला परवानगी लागते, त्याचा करार ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावा लागतो. यंत्रणा ढिली असेल, पण आहे तरी. एम.ए., पीएच.डी. झालेला शिक्षक निघाला की त्याला कुणीच काही विचारत नाही. शिकलेला आहे, स्वतःचं बघेल. प्रत्यक्षात शिकलेलाच लाजेनं गप्प बसतो. गवंडी निदान भावकीत सांगतो की फसलो. प्राध्यापक पोरगं दोन महिने पगार नसला तरी घरी व्हिडिओ कॉलवर हसत बोलतं, कारण गल्लीत पेढे वाटून झालेले असतात.

हा कागदाचा मुद्दा आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच एका माणसाला तो नडला होता.

धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळचे. पाली भाषा आणि बौद्ध धर्म शिकण्यासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पायाखाली घातलेला माणूस. त्यांना कलकत्ता विद्यापीठात महिना अडीचशे रुपये मिळत असताना बडोद्याच्या सयाजीरावांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करायचं. कोसंबींनी पन्नास घेतले. पुढं १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्डला गेले, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम करायला. हार्वर्ड! त्याहून मोठी पाटी त्या काळी कुठली होती? पण तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा वाद झाला. कशावरून? केलेल्या कामाचं श्रेय कुणाच्या नावावर, यावरून. १९१२ साली कोसंबी परत आले आणि फर्ग्युसनमध्ये पाली शिकवायला लागले. हार्वर्डनं तो ग्रंथ शेवटी छापला १९५० साली. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते.

हार्वर्डच्या आवारात, कोसंबींसारख्या विद्वानालासुद्धा 'कागदावर नाव कुणाचं' हा प्रश्न चुकला नाही. मग ठेकेदाराकडं निघालेल्या आपल्या शिरोळच्या, गडहिंग्लजच्या पोरानं तो विचारू नये असं कोण म्हणतंय?

तर निघण्याआधी हे बघा. मी यादी देतो, भिंतीवर चिकटवा.

१. करार कुणाशी? विद्यापीठाशी, शाळेशी, की मधल्या कंपनीशी? मधली कंपनी असेल तर तिचा ठेका कधी संपतो ते लेखी विचारा.

२. व्हिसा आणि वर्क परमिटवर मालक म्हणून कुणाचं नाव? करारातलं आणि व्हिसावरचं नाव एकच पाहिजे. जपानसारख्या देशात विद्यापीठ, शाळा आणि खासगी भाषा कंपनी यांच्यासाठी राहण्याच्या परवान्याचे प्रकारच वेगळे आहेत. नोकरीचा प्रकार बदलला की परवान्याचं परत बघायला लागतं.

३. आठवड्याला शिकवायचे तास किती, आणि हजर राहायचे तास किती? हे दोन आकडे वेगळे असतात. फसवणूक या दोन आकड्यांच्या मध्ये असते.

४. सुट्टीत पगार आहे का? बारा महिन्यांचा करार आहे की दहा महिन्यांचा? सीएचबीवाल्याला हा प्रश्न समजावून सांगायला नको.

५. पगार कुठल्या चलनात? इथिओपियाच्या विद्यापीठांत आपले प्राध्यापक वर्षानुवर्षं गेलेत. तिथं जुलै २०२४ मध्ये सरकारनं बिर्रचा भाव बाजारावर सोडला आणि काही महिन्यांत डॉलरच्या हिशेबात त्याची किंमत निम्म्यावर आली. ज्याचा पगार बिर्रमध्ये ठरलाय त्याचं घरी येणारं तेवढंच घटलं, मेहनत तेवढीच. शिवाय पैसे भारतात पाठवायला परवानगी किती, हेही विचारा.

६. करार मध्येच सोडला तर दंड किती? आणि त्यांनी काढलं तर तुम्हाला किती? दोन्हीकडं सारखं नसेल तर तो करार म्हणजे वेठ.

७. पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. तो भारत सरकारच्या मालकीचा आहे, ठेकेदाराच्या कपाटातला नाही. पदवीची मूळ प्रमाणपत्रंही साक्षांकनाच्या नावाखाली एजंटकडं महिनोन्‌महिने ठेवायची नाहीत.

८. एजंटचा परवाना. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणं परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्याला नोंदणी लागते, आणि त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. तुमच्याकडून दीड लाख, दोन लाख मागणारा कोण आहे ते मग तुम्हीच ठरवा. 'कोर्स फी', 'प्रोसेसिंग', 'डॉक्युमेंटेशन' अशी नावं बदलून घेतलेला पैसा पैसाच असतो.

९. तिथं आधीपासून शिकवणाऱ्या, आणि शक्यतो तिथून सोडून आलेल्या शिक्षकाशी बोला. एजंटनं दिलेल्या नंबरवरच्या माणसाशी नव्हे, स्वतः शोधलेल्या.

या नऊ प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तर लँग्वेज स्कूलला बिनधास्त जा. भाषा शिकवणं हे कष्टाचं आणि मानाचं काम आहे. मिळाली नाहीत तर विद्यापीठ असलं तरी जाऊ नका.

आता शेवटचा भाग, ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांच्यासाठी.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. कुशल मनुष्यबळ पाठवणार, पहिल्या टप्प्यात दहा हजार, त्यांना जर्मन शिकवणार. चांगली गोष्ट आहे. पोरं जगात जावीत. पण भाषा शिकवायची म्हटली की शिक्षक लागतात, आणि शिक्षक म्हटलं की राज्याचा हात आखडतो. २०२१ साली २ हजार ८८ सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला मंजुरी मिळाली, तेव्हा पेढे वाटले गेले. त्यातल्या मुलाखतींच्या रांगा आणि 'रेट'च्या चर्चा कोल्हापूरला नवीन नाहीत. ज्याच्याकडं द्यायला पैसे नव्हते तो अजून तासावर आहे, नाहीतर विमानात आहे.

आपण नाव घेतो शाहू महाराजांचं. १९१७ साली या माणसानं आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरवलं. तिजोरी काही भरून वाहत नव्हती. शिक्षणावर खर्च करायचा की नाही हा प्रश्न त्यांनी तिजोरीला विचारला नाही. त्यांच्या नावानं दसरा चौकात हार घालणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्यानं एकदा सांगावं, की सेट-नेट झालेल्या शिक्षकाला तासावर ठेवणं कुठल्या शाहू विचारात बसतं?

मागण्या चार आहेत, अवघड एकही नाही.

एक, सीएचबीचा दर यूजीसीच्या १,५०० वर न्या, आणि मानधन महिन्याच्या महिन्याला खात्यात टाका.

दोन, रिक्त जागा भरा. टप्प्याटप्प्यानं नको, जाहीर वेळापत्रकानं भरा आणि निवडीचे गुण वेबसाइटवर टाका.

तीन, शिवाजी विद्यापीठानं एक खिडकी उघडावी. परदेशी निघालेल्या शिक्षकाचा करार वाचून देणारी, पदवी साक्षांकनाचं मार्गदर्शन करणारी, बाहेर शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी जोडून देणारी. याला इमारत लागत नाही. एक वकील, एक जाणकार प्राध्यापक आणि आठवड्यातले दोन दिवस लागतात. १९६२ पासून या विद्यापीठानं घडवलेली माणसं जगभर आहेत, त्यांना नुसतं सुवर्णमहोत्सवाला बोलवायचं नसतं.

चार, जिल्हाधिकारी आणि पोलिसांनी शहरातल्या 'परदेशी नोकरी' सेमिनारवाल्यांची नोंदणी तपासावी. हॉटेलच्या हॉलमध्ये दर रविवारी सेमिनार होतात, बोर्ड रस्त्यावर लागतात, शोधायला फार लांब जायला नको.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी एवढंच. जायचं तर ताठ मानेनं जा. लँग्वेज स्कूलला निघालायसा म्हणून खाली बघू नका, विद्यापीठाला निघालायसा म्हणून हुरळू नका. पतसंस्थेचं कर्ज काढायच्या आधी, शेतावर बोजा चढवायच्या आधी, आईची पाटली मोडायच्या आधी तो करार पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. बारीक अक्षरातलं आधी वाचा. कळलं नाही तर वकिलाला दाखवा, त्याची फी एजंटच्या फीपेक्षा कमीच असेल.

इंग्रजीत एम.ए. केलंय लगा आपण. स्वतःचा करार तरी आपल्याला वाचता यायला पाहिजे.